स्थलांतरितांच्या वसाहती, नाशिक जिल्ह्यातील

रोजगार, दुष्काळ, राजकीय उलथापालथ वा अन्य कारणांनी मूळ प्रदेश सोडून आलेल्या जनसमूहांनी नाशिक जिल्ह्यात वेळोवेळी केलेल्या वस्त्या. अशा वस्त्यांचे स्वरूप तेथील लोकांना मिळणाऱ्या कामावर, त्या कामाच्या मजुरीवर आणि स्थानिक समाजाशी होणाऱ्या त्यांच्या अभिसरणावर दूरगामी परिणाम करते. स्थलांतरित कोठून आला व कोणती भाषा बोलतो यावर त्याचे पुढील जीवन अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. नाशिक जिल्ह्याचा गेल्या अडीचशे-तीनशे वर्षांचा इतिहास पाहता तो पुरता खरा ठरत नाही. तो कोठे व कसा राहिला, घर स्वतःचे की भाड्याचे, एकट्याने की कुटुंबासह, कामाच्या जागेशी त्या घराचा संबंध कोणता, या गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या आहेत.

या प्रश्नाची चर्चा जगात पुष्कळ झाली आहे. फ्रान्समध्ये १६८५ साली प्रॉटेस्टंट पंथीयांचे संरक्षण काढून घेतले गेल्यावर ह्युगेनॉट विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्‌झ भागात येऊन राहिले व त्यांनी तेथे रेशीम-विणकामाचा जम बसविला. पुढे त्याच भागात पूर्व युरोपातील ज्यू व त्यांच्यानंतर सिल्हेटकडील बंगाली शिवणकामगार आले. १७४३ मध्ये ह्युगेनॉटांनी प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेल्या तेथील इमारतीचे १८९८ मध्ये सिनॅगॉग व १९७६ मध्ये मशीद झाली. रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस या शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास असे मत मांडले, की स्थलांतरितांचे एकगठ्ठा मोहल्ले ही तात्पुरती अवस्था असून उत्पन्न वाढताच लोक तेथून बाहेर पडून शहरभर विखुरतात. स्वीडनने या विचाराच्या पुढे जाऊन १९८५ ते १९९४ या काळात निर्वासितांना मुद्दाम देशभर विखरून वसविले. तथापि पुढील अभ्यासांत असे दिसले, की विखुरल्यामुळे त्यांच्या मिळकतीत भर न पडता घटच झाली आणि विशेषतः अल्पशिक्षितांना आपल्या लोकांच्या सान्निध्यात राहिल्याचा लाभ अधिक होता. मोहल्ला उपकारक की अपकारक, हा वाद त्यामुळे अद्याप मिटलेला नाही. मालेगावच्या इतिहासात या वादाच्या दोन्ही बाजू एकाच गावात पाहावयास सापडतात.

मार्ग : नाशिक जिल्हा हा वाटेवरचा प्रदेश होय. मुंबई-आग्रा हा जुना मार्ग थळ घाटाने वर चढून नाशिक, चांदवड, मालेगाव असा खानदेशात उतरतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची थळ घाटातील चढण १८६५ मध्ये खुली झाली. १८७० मध्ये हीच लोहमार्गाची वाट जबलपूरमार्गे अलाहाबादला जोडली गेली आणि पूर्व उत्तर प्रदेशातील विणकरांची गावे मनमाडला थेट जोडली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत निजामाच्या राज्यातून येणारा लोहमार्गही मनमाडला येऊन मिळाला. आज ज्या दोन दिशांकडून आलेल्यांची संख्या मालेगावात मोठी आहे, त्या दिशा या दोन लोहमार्गांच्याच आहेत. मालेगावला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मनमाडला उतरून पुढचे ३५-४० किमी. अंतर बैलगाडीने वा पायी तोडावे लागे.

येवले : कारागीर बाहेरून आणून वसविण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे. येवले येथील रेशीम व जर यांचा उद्योग बाहेरून आणलेल्या विणकरांच्या आधारे उभा राहिला व त्यामागे गुजराती व्यापाऱ्यांचे भांडवल होते. विणण्याचा हक्क मूळच्या वसविलेल्या घराण्यांपुरताच मर्यादित ठेवण्यात आला होता. मक्तेदारीची ही व्यवस्था इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आली आणि त्यानंतर धंदा इतरांना खुला झाला. येवल्याचे विणकर पेठेतच राहिले, पैठणी व पीतांबर विणणारे म्हणून त्यांना प्रतिष्ठा लाभली आणि दोन-तीन पिढ्यांत ते पूर्णतः येवलेकर झाले. कालचा पाहुणा यजमान झाला, की दार लावून घेण्याची घाई त्यालाच सर्वांत अधिक होते, याचा पुरावा म्हणूनही येवल्याकडे पाहता येईल.

मालेगाव : गिरणा व मोसम या नद्यांच्या परिसरातील हे गाव मूळचे लहान होते. नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० मध्ये येथे भुईकोट किल्ला बांधावयास घेतला. हे काम सु. पंचवीस वर्षे चालले. त्यासाठी सुरत व उत्तर हिंदुस्थानातून गवंडी, पाथरवट व इतर कारागीर आले आणि त्यांतील अनेकजण येथेच राहिले. एका पिढीहून अधिक काळ चालणारे बांधकाम मजुराला पाहुणा राहू देत नाही. त्याची मुले तेथेच जन्मतात, विवाह होतात, दफनभूमी लागते. १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घालून तो घेतला, तेव्हा त्याचा बचाव प्रामुख्याने अरब शिबंदीने केला होता. भाडोत्री सैनिक हेही एका अर्थी स्थलांतरित श्रमिकच होत. किल्ला पडल्यानंतर इंग्रजांची छावणी मोसमच्या पश्चिमेस पडली. आजच्या मालेगाव कॅम्प या नावात तिची आठवण शिल्लक आहे. छावणीमुळे गावाची दोन तीरांवरची विभागणी सुरू झाली व पुढच्या दोनशे वर्षांत ती पुसली न जाता अधिक ठळक होत गेली.

विणकरांचे मोठे स्थलांतर १८५७ नंतर झाले. बनारस, अलाहाबाद, मऊ, मुबारकपूर, टांडा या बाजूंचे मोमीन (पुढे अन्सारी) विणकर मँचेस्टरच्या कापडाने आधीच नाडले गेले होते. त्यात उठावानंतरच्या धरपकडीची आणि १८६० नंतरच्या दुष्काळाची भर पडली. कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. काही बऱ्हाणपुरास राहिली, काही धुळे व मालेगावास, तर काही घाट उतरून भिवंडीस गेली. मालेगावची निवड त्यांनी आंधळेपणाने केलेली नव्हती. भोवतालच्या खानदेश-बागलाण प्रदेशातील शेतकरी स्त्रिया नऊवारी रंगीत लुगडी नेसत. काठ-पदराचे हे कापड गिरण्यांना सहज जमत नव्हते. हातमागाला लागणारे गिरणीचे स्वस्त सूत मात्र मुंबईहून लोहमार्गाने मनमाडपर्यंत येऊ लागले होते. ज्या यंत्राने विणकराला देशोधडीला लावले, त्याच यंत्राच्या सुताने त्याला मालेगावात उभे केले. विणकऱ्यांच्या या इतिहासात विरोधाभासाचे असे प्रसंग आणखीही आढळतात.

हे विणकर किल्ल्याच्या आसपास व मोसमच्या पूर्वेस दाटीने राहिले. दाटीचे पहिले कारण धंद्याच्या रचनेतच होते. हातमागाचे काम एकट्याचे नव्हे. पुरुष मागावर बसे. सूत उकलणे, कांडी भरणे, ताणा लावण्यास मदत करणे ही कामे स्त्रिया, मुले व वृद्ध करीत. पडदा पाळणाऱ्या स्त्रीला घराच्या भिंतीआड राहून कमावता यावे, तर माग घरातच हवा. ताणा पसरण्यासाठी गल्ली लागते, आणि ती शेजाऱ्याची संमती असल्याखेरीज मिळत नाही. एखादा माग बंद पडला, की दुरुस्तीला येणारा, सूत उसने देणारा, आजारपणात मागावर बसणारा माणूस हाकेच्या अंतरावर असावा लागतो. एकत्र राहण्यात जातबांधवांचे प्रेम होते, पण त्याच्या जोडीला उत्पादनाची गरजही होती.

या रचनेचा श्रमबाजारावरील परिणाम प्रारंभी फार हितकारक झाला. अलाहाबादेकडून निघालेला विणकर मनमाडला उतरे, तेव्हा कोणाकडे जावयाचे हे त्यास ठाऊक असे. तो नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या घरी उतरे व दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागावर मजुरीने बसे. काम शोधण्यात दिवस जात नसत, जामीन लागत नसे, कौशल्याची परीक्षा मागावरच होई. काही वर्षांनी तो स्वतःचा माग टाकी. सूत व्यापारी बहुधा मारवाडी वा गुजराती असत. ते सूत उधारीवर देत आणि मोहल्ल्यातील पत पाहून उधारीची मर्यादा ठरवीत. अशा रीतीने मोहल्ला हे एकाच वेळी रोजगार केंद्र, प्रशिक्षण संस्था व पतपेढी यांचे काम करी.

मालेगावात १९३५ च्या सुमारास यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग विकत घेऊन ते वस्तीतच बसविण्यात आले. स्थानिक बोलीत यंत्रमागाला ‘सांचा’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर गिरण्यांचा पुष्कळसा माल भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळला. अलीकडे मालेगावातील सांच्यांची संख्या दोन ते तीन लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. लुगड्यांची जागा क्रमाने कोऱ्या सुती कापडाने घेतली आणि हे कापड रंगाई-धुलाईसाठी बाहेर जाऊ लागले. त्यासरशी भोवतालच्या शेतकऱ्याशी असलेला विणकराचा प्रत्यक्ष संबंध सुटला. पूर्वी आठवडी बाजारात लुगडे घेणारी बागलाणची बाई व ते विणणारा मोमीन एकमेकांच्या गरजेने बांधलेले होते. कोरे कापड घेणारा व्यापारी दूर परमुलखात असतो. सामाजिक एकात्मतेच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व फार मोठे आहे. मालेगावसंबंधीच्या लेखनात त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

यंत्रमागाने मोहल्ल्याची दुसरी बाजू उघडी केली. विजेवर चालणाऱ्या व दहा वा अधिक कामगार असणाऱ्या जागेस १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या मूळ तरतुदी लागू होत. मालेगावचे सांचे मात्र लहानलहान मालकांत, एकेका छपराखाली आठ-दहा ते चोवीस अशा संख्येने विखुरलेले होते व एकाच कुटुंबातील निरनिराळ्या नावांवरही असत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, विणलेल्या मापावर मजुरी, कापडाचा भाव पडताच सांचे बंद आणि मजुरी बंद, ही येथील रीत पडली. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत काम करणाऱ्यांत क्षय व श्वसनाचे विकार पसरले. पूर्वी मागावर बसणारा उद्या माग घेऊ शके. सांच्यांवरील मजुराला ते क्रमशः अवघड झाले, कारण एक कामगार अनेक सांचे चालवू लागला व सांचे, वीज, जागा यांचा खर्च वाढला. मालक व मजूर एकाच जमातीचे, एकाच मशिदीत नमाज पढणारे, पुष्कळदा नात्यातले. त्यामुळे संघटना उभी करणे कठीण आणि उचल घेतलेल्याला मालक सोडणे त्याहून कठीण. पहिल्या दिवशी काम देणारा मोहल्ला विसाव्या वर्षीही तेच काम देतो, हे त्याचे वैगुण्य होय. सबंध वस्तीचे पोट एकाच वस्तूवर चालत असल्याने मंदी आली, की ती सर्वांच्या घरी एकाच दिवशी येते. उसने मागावे असा शेजारी उरत नाही.

नव्याने येणाऱ्यांचा ओघ विसाव्या शतकातही चालू राहिला. हैदराबाद संस्थानावरील १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तिकडील अनेक कुटुंबे आली. १९६० नंतर देशाच्या निरनिराळ्या भागांत उसळलेल्या दंगलींनंतरही मुस्लिम कुटुंबांनी सुरक्षित आसरा म्हणून मालेगाव जवळ केले. त्यांतील पुष्कळांचा विणकामाशी पूर्वी संबंध नव्हता. ते सांच्यांवर बसले, कारण तेथे दुसरे काम नव्हते. मोहल्ले अधिक दाट झाले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. बाहेरून पाहणाऱ्यास पूर्व तीर एकजिनसी मुस्लिम वस्ती वाटते, परंतु आतून दखनी, खानदेशी व मोमीन हे भेद बोलीत, सोयरिकीत व निवडणुकीत दीर्घकाळ टिकून राहिले. दखनी मुसलमान स्वतःस मूळ रहिवासी समजत व मोमीनांना परदेशी. उपरा कोण हा प्रश्न अशा रीतीने नदीच्या एकाच तीरावरही विचारला गेला. मोमीनांच्या पूरबी वळणाच्या बोलीत मराठी शब्द मिसळून मालेगावची स्वतंत्र उर्दू बनली. मुशायरे, उर्दू वृत्तपत्रे व शाळा यांमुळे हे गाव महाराष्ट्रातील उर्दूचे एक प्रमुख केंद्र झाले.

उर्दू शाळा हा सांच्यांच्या बाहेर पडण्याचा पहिला मोठा रस्ता ठरला. राज्यातील ठिकठिकाणच्या उर्दू शाळांत मालेगावचे शिक्षक-शिक्षिका मोठ्या संख्येने आढळतात. विणकराच्या मुलीला घराच्या भिंतीबाहेरचा सन्मान्य व्यवसाय या मार्गाने मिळाला. समाजवादी नेते निहाल अहमद हेही अध्यापनाकडून राजकारणात आले, मालेगावातून अनेकदा विधानसभेवर निवडून गेले व त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही भूषविले. मात्र मराठीतून चालणारे शासकीय व्यवहार आणि सेवाभरती यांच्या दाराशी उर्दू माध्यमाचा विद्यार्थी अडखळतो. जी संस्था एका बाजूने दार उघडते, तीच दुसऱ्या बाजूने अडसर घालते, हा पेच मालेगावात अद्याप सुटलेला नाही.

पश्चिम तीरावर कॅम्प, संगमेश्वर इ. भागांत हिंदू वस्ती प्रामुख्याने वाढली. शासकीय कार्यालये, व्यापारी व शेतीशी निगडित पेढ्या या बाजूस आल्या. सूत, सायझिंग, दलाली, सराफी व औषधोपचार यांसाठी दोन्ही तीरांची रोजची ये-जा असते, निवास मात्र वेगळाच राहतो. १९२१ मधील खिलाफत चळवळीच्या वेळचा उद्रेक, २००१ मधील दंगल व गोळीबार, ८ सप्टेंबर २००६ व २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेले बॉम्बस्फोट यांनंतर दर वेळी मिश्र वस्तीतून आपापल्या बाजूस सरकण्याची प्रवृत्ती बळावली. मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेने मालेगाव मध्य व मालेगाव बाह्य असे दोन मतदारसंघ झाले आणि तीरांची ही विभागणी राजकीय नकाशावरही उमटली. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती व तीत मुस्लिमांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक होते. सांचे शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी चित्रपटगृहांसमोर होणारी गर्दी प्रसिद्ध आहे व नासीर शेख यांनी स्थानिक नट घेऊन काढलेल्या ‘मालेगाव के शोले’ सारख्या विडंबनपटांना त्या गर्दीनेच आश्रय दिला.

शासकीय वसाहती : जिल्ह्यात स्थलांतरितांना वसविण्याची अगदी वेगळी रीत सरकारी उद्योगांनी पाडली. नाशिकरोड येथे १९२५ मध्ये मुद्रांक व टपाल तिकिटांचे मुद्रणालय व १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले आणि कामगारांसाठी पुढे नेहरूनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना निघाला. त्याच्या वसाहतीत शाळा, रुग्णालय, बाजार व क्रीडांगण यांसह देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे एका आखीव नगरात राहू लागली. येथे घर मिळे ते पदानुसार, जातीनुसार वा प्रांतानुसार नव्हे. त्यामुळे तमिळ, पंजाबी, बंगाली व मराठी कुटुंबे एका जिन्यावर आली व त्यांची मुले एका वर्गात बसली. मजुरी नियमाने बांधलेली असल्याने प्रांतिक स्पर्धेलाही फारसा वाव नव्हता. अर्थात या एकोप्याची सीमा वसाहतीच्या कुंपणापाशी संपे. भोवतालच्या ओझरच्या द्राक्ष बागायतदाराशी त्याचा संबंध भाजीपाला व घरभाडे यांपुरताच उरे. निवृत्तीनंतर मात्र अनेकांनी नाशिक शहरात जागा घेऊन कायमचा मुक्काम केला.

नवीन नाशिक : सातपूर येथे १९६२ मध्ये औद्योगिक क्षेत्र स्थापन झाले व पुढे अंबड येथे दुसरे उभे राहिले. त्यांत काम करावयास सर्वांत मोठ्या संख्येने आले ते धुळे व जळगाव जिल्ह्यांतील तरुण. कोरडवाहू शेती, पाठोपाठचे दुष्काळ आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळालेले शिक्षण यांमुळे ते कारखान्यांकडे वळले. सिडको या शासकीय महामंडळाने सत्तरीच्या दशकापासून शहराच्या दक्षिण-पश्चिमेस नवीन नाशिक वसविण्यास घेतले व सहा योजनांत लहान-लहान घरे बांधून ती हप्त्यांवर दिली. ही घरे आकाराने अगदी लहान होती. परंतु ती स्वतःची होती आणि कारखाना सायकलीच्या टप्प्यात होता. घर मिळताच गावाकडून पत्नी आली, मुले महापालिकेच्या शाळेत गेली, शिधापत्रिका व मतदारयादीत नाव आले. मग वरचा मजला चढला व तो गावाकडच्या भाच्याला भाड्याने दिला गेला. स्वतःचे छप्पर असलेल्या कामगाराने सीटूसारख्या संघटनांत भाग घेतला, संप केले, मजुरीचे करार करून घेतले. ज्याला संपाच्या महिन्यात घर खाली करावे लागत नाही, तोच दीर्घकाळ संप करू शकतो.

उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक या परिसरात अहिराणी सर्रास कानी पडते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रोट होतात व दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होते. खानदेशातील हा कौटुंबिक उत्सव नाशिकमध्ये सार्वजनिक झाला व शहराचे लोकप्रतिनिधी त्यास आवर्जून हजेरी लावू लागले. नाशिककरांनी प्रारंभी सिडकोकडे काहीशा तुच्छतेनेच पाहिले. १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाल्यानंतर या भागाची मतसंख्या कळू लागली, तसा हा सूर बदलला. २००१ मध्ये १०,७७,२३६ असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १४,८६,०५३ झाली. एवढ्या वाढीनंतर मूळचा नाशिककर कोण, हे सांगणे फारसे सोपे राहिलेले नाही.

अंबड-सातपूर येथील परप्रांतीय : उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार या औद्योगिक क्षेत्रांत उशिरा, विशेषतः १९९० नंतर आले. तोवर सिडकोच्या योजना भरल्या होत्या व कायम नोकऱ्यांची जागा कंत्राटी कामाने घेतली होती. त्यामुळे हे लोक चुंचाळे, अंबड या गावांत व कारखान्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत, एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत, राहिले. कुटुंब गावाकडेच राहिले व मिळकत मनीऑर्डरने तिकडे गेली. ओतकाम, वेल्डिंग, पॅकिंग, सुतारकाम, रंगकाम ही कामे त्यांनी उचलली. अंबड-सातपूर जोडरस्त्यावर भंगाराचा मोठा बाजार उभा राहिला होता. महापालिकेने तो २०१७ मध्ये हटविला. एकीकडे कारखानदारास स्वस्त व तत्पर मजूर मिळाला. दुसरीकडे कायम नोकरी न मिळालेल्या स्थानिक तरुणास आपली जागा या खोलीतल्या माणसाने घेतली असे वाटू लागले. वस्तुतः ती जागा कंत्राट पद्धतीने घेतली होती, परंतु कंत्राट पद्धत रस्त्यात भेटत नाही, माणूस भेटतो.

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनात फेब्रुवारी २००८ मध्ये नाशिकमध्ये परप्रांतीयांवर हल्ले झाले, दगडफेकीत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा एक मराठी कर्मचारीही मृत्युमुखी पडला आणि हजारो उत्तर भारतीय कामगार नाशिकरोडहून गाड्या पकडून गावी निघून गेले. अनेक लहान कारखान्यांत व बांधकामांवर काम थंडावले. असा पलायनाचा प्रकार ओझरच्या वसाहतीत वा स्वतःच्या घरात राहणाऱ्या परप्रांतीयांत त्या प्रमाणात घडणे शक्य नव्हते. ज्याच्यामागे दाराला लावावयाचे कुलूपही स्वतःचे नाही, तो एका रात्रीत जाऊ शकतो. पुढे यांतील पुष्कळजण परतले, काहींनी कुटुंबे आणली, आणि गोदाकाठी छठपूजेस जमणारा समुदाय वर्षागणिक वाढत गेला.

कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा याच वस्त्यांचे स्वरूप पुन्हा उघड झाले. मुंबईहून उत्तरेकडे पायी निघालेल्या श्रमिकांना नाशिक जिल्ह्यात अडवून शिबिरांत ठेवण्यात आले होते. महाराष्ट्रातून सुटलेली पहिली श्रमिक विशेष गाडी १ मे २०२० रोजी नाशिकरोडहून भोपाळकडे गेली व तिच्यामागोमाग दुसरी लखनौकडे. मालेगावात याच्या उलट घडले. तेथील लोकांना जावयास दुसरे गाव नव्हते. सांचे थांबले, दाट मोहल्ल्यांत साथ फैलावली व एप्रिलमध्ये हे शहर राज्यातील प्रमुख बाधित केंद्रांपैकी एक ठरले. ज्या दाटीने साथ पसरली, त्याच दाटीतून शेजाऱ्याने शेजाऱ्याला अन्न पुरविले. ही वस्तुस्थितीही नोंदली पाहिजे.

हंगामी मजूर : जिल्ह्यातील सर्वांत उपेक्षित स्थलांतरित परप्रांतातून येत नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांतून आणि लगतच्या जव्हार-मोखाडा भागातून कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे दिंडोरी, निफाड व नाशिक तालुक्यांतील द्राक्षबागांत येतात. नाशिकच्या पश्चिमेस असलेले गिरणारे हे या मजुरांचे मोठे नाके आहे. पहाटे तेथे टोळ्या उभ्या राहतात, बागायतदार गाडी घेऊन येतो, दर ठरतो व टोळी निघून जाते. एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, नंतर विरळणी, डिपिंग व काढणी यांसाठी एकरी ठेका अथवा रोजंदारी असते. काही कुटुंबे बागेच्या कडेला, तर काही गिरणाऱ्याजवळ मोकळ्या जागी प्लास्टिकच्या कापडाखाली महिनोन्‌महिने राहतात.

हे लोक याच जिल्ह्याचे, बोली मराठीच्या कुळातली, अंतर चाळीस-साठ किमी. त्यांच्या मालकांशी त्यांचा धर्माचा वा प्रांताचा वाद नाही. तरीही मऊहून आलेला विणकर मालेगावचा झाला आणि धरणगावहून आलेला कामगार नाशिकचा झाला, तसा सुरगाण्याचा मजूर दिंडोरीचा झाला नाही, कारण तेथे त्याला राहण्याची जागाच देण्यात आली नाही. शिधापत्रिका सुरगाण्याची, मूल हंगामात शाळेबाहेर, मजुरीचा दर दररोज नव्याने, आणि आजारी पडल्यास उपचारासाठी ओळखीचे कोणी नाही. मोहल्ल्यात मिळणारी उधारीची पत येथे नाही, वसाहतीतील नियमाची मजुरी नाही व सिडकोतील संघटनाही नाही. निर्यातक्षम द्राक्षांमुळे या तालुक्यांचे नाव युरोपच्या बाजारात पोहोचले आहे, आणि त्या द्राक्षाचा घड विरळणारे हात नाक्यावर उभे असतात. ही कुटुंबे शिमग्यास घरी परततात, पुन्हा खरड छाटणीस येतात. पाऊस लागला, की नागली व भात यांच्या लावणीसाठी घाटमाथ्यावरची आपली खाचरे गाठतात आणि ऑक्टोबर छाटणीच्या आगेमागे गिरणाऱ्याच्या नाक्यावर पुन्हा दिसू लागतात.